खोटं बोलणारी पट्टी

ज्ञानू सुतारानं गाडी आणली ती नेहमीसारखीच वर्तमानपत्रात गुंडाळून, पण या खेपेला काखेत दाबून. पूर्वी तो ती दोन्ही तळहातांवर आणायचा, प्रसादाचं ताट आणावं तशी. गेल्या दिवाळीत त्याला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू महिनाभर झोपली, आणि तेव्हापासून त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला. हात परत आला होता. डॉक्टरांनीही तसं छातीठोक सांगितलं होतं. पण सत्तरीच्या माणसाला डॉक्टरापेक्षा स्वतःची भीती जास्त खरी वाटते.

"शमशू, ही घे. झटक्यानंतरची पयली."

शमशुद्दीननं पुडकं घेतलं आणि खुर्ची पुढं केली. ज्ञानू बसला नाही.

"बसवून बघ निवांत. चासीवर नीट बसली तर बसली. न्हाय बसली तर माझी पेटी आदर्शला देऊन टाकतो. रविवारी येतोय त्यो."

आदर्श म्हणजे ज्ञानूचा भाचा. नेसरीला त्याचं फर्निचरचं दुकान, आणि मामाच्या पेटीवर त्याचा डोळा. पेटीत पटाश्या, गोलच्या, लहान-मोठे रंधे. मुठी ज्ञानूच्या पकडीनं झिजून गुळगुळीत झालेल्या.

"आरं, च्या तरी घे," शमशुद्दीन म्हणाला.

"नको. तू बसवशील आन् मी तुझ्या तोंडाकडं बघत बसीन. ते नको मला." एवढं बोलून ज्ञानू जिना उतरला. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय टाकत.

हे दोघं मिळून लहान गाड्या करायचे. हातभर लांबीच्या. त्यांना कुणी खेळणं म्हटलं की दोघांचाही पारा चढायचा. हॉट रॉड म्हणायचं. अमेरिकेतले हौशी लोक जुनीपुराणी गाडी घेतात, तिचं छत कापतात, मडगार्डं काढून फेकतात, पुढं उघडं दांडगं इंजिन बसवतात आणि अंगावर ज्वाळा रंगवतात. तिची हुबेहूब लहान प्रत करायची. ज्ञानूनं ही जात पहिल्यांदा पाहिली ती कारखान्यातल्या एका कॅलेंडरवर. वर्ष संपलं तरी त्यानं ते कॅलेंडर उतरवू दिलं नव्हतं. "आपली पोरं जीपला करत्यात तेच की हे," असं म्हणत तो रोज जेवणाच्या सुट्टीत त्या गाड्यांपुढं डबा उघडायचा.

ज्ञानू चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, पॅटर्न मेकर होता. पंपाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबून अलगद काढला की जी पोकळी उरते, तिच्यात वितळलेला धातू ओततात. धातू निवताना आकसतो, म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा हवा. दर वेळी गणित नको म्हणून पॅटर्न मेकरकडं एक वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा केसभर मोठा. अ‍ॅल्युमिनियमच्या कामाची पट्टी असेल तर मीटरमागं तेरा मिलिमीटर. "माझी पट्टी खोटं बोलती, म्हणून पंप खरा येतोय," हा ज्ञानूचा ठरलेला विनोद. शमशुद्दीननं तो दोनशे वेळा ऐकला असेल आणि दीडशे वेळा तरी हसला असेल.

शमशुद्दीन स्वतः गाड्यांचा पेंटर. त्याच्या हातचा काळा रंग बघून माणसं भांग पाडायची, एवढा आरसा. पण पस्तीस वर्षं थिनरचा वास छातीत साठला, आणि एके दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यापुढं धरून सांगितलं, स्प्रेगन बंद. गॅरेज सुटलं. मग यादवनगरातल्या घराच्या खिडकीत तो बसून राहिला, एक-दोन दिवस नव्हे, दोन वर्षं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे रंग बघायचा आणि कुठं ओघळ आलाय, कुठं रंगाखालची पुट्टी नीट घासलेली नाही, ते भिंतीला सांगायचा. बायको खैरुनबी म्हणायची, माझा नवरा घरात हाय पण मला सापडंना झालाय.

आणि मग आठ वर्षांपूर्वी ज्ञानू आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाकडाची छोटी गाडी. "पुण्याचं एक गिऱ्हाईक हाय. लाल पायजे, वर ज्वाळा. ब्रशनं कर, न्हायतर ते पेनासारखं बारकं गन मिळतंय त्यानं कर, मास्क लावून गच्चीवर. पर तूच कर. दुसऱ्याला जमणार न्हाय." शमशुद्दीननं ती रंगवली. हाताची सवय सुटलेली, त्यामुळं मागच्या बाजूला रंगाचा एक ओघळ आला. तरी पुण्याच्या गिऱ्हाइकाला गाडी पसंत पडली, असा निरोप ज्ञानूनं आणला. त्या रात्री शमशुद्दीन दोन भाकऱ्या जास्त जेवला. मग दुसरी गाडी आली, तिसरी आली, बेळगावची माणसं आली, आणि खिडकीतली खुर्ची गच्चीवर गेली ती गेलीच.

हे ऋण शमशुद्दीन विसरला नव्हता. रोजच्या नमाजेत तो ज्ञानूचं नाव घ्यायचा. फक्त ज्ञानूला तोंडानं कधी काही म्हणाला नव्हता. कोल्हापुरात दोस्ताचे आभार मानले तर तो विचारतो, बरं वाटंना काय तुला?

ज्ञानू गेल्यावर शमशुद्दीननं पुडकं उलगडलं आणि त्याच्या तोंडून आपसूक "सुभानल्ला" निघालं. बिनछताची, लांब नाकाची बॉडी. आतून कोरलेली, कडा एकसारख्या. लाकडावरून बोट फिरवलं तर कुठं अडत नव्हतं. ज्याच्या हाताला झटका येऊन गेला त्याचं हे काम, असं कुणाला सांगूनही पटलं नसतं.

मग त्यानं कपाटातून चासी काढली, म्हणजे गाडीची खालची धातूची चौकट. ही निशिगंधाची. निशिगंधा पन्हाळ्याकडची दातांची डॉक्टर. दाढा कोरायच्या हत्यारांनी तिनं दोन वर्षं खपून इंजिन, चाकं आणि चासी स्वतः घडवली होती. बॉडी मात्र तिला जमेना, म्हणून ती या दोघांना शोधत आली. ज्ञानूनं इथंच, शमशुद्दीनच्या स्टीलच्या पट्टीनं चासीची मापं घेतली होती, कागदावर लिहिली होती आणि कागद घरी नेला होता.

शमशुद्दीननं बॉडी चासीवर ठेवली. ती बसली नाही.

पुढची भोकं जुळवली तर मागची सरकली. मागची जुळवली तर नाक पुढं आलं. चार स्क्रूंपैकी चारही एकदम लागेनात. त्यानं उलटी करून बघितली, फुंकर मारून बघितली, चष्मा पुसून बघितली. गाडी मोठी झाली होती. ज्ञानूचं माप चुकत नाही. उद्यमनगरात लोक पट्टीवर शंका घेतील, ज्ञानूवर घेणार नाहीत. म्हणजे झटक्यानं हात परत दिला होता, पण हिशेब ठेवून घेतला होता.

संध्याकाळी फोन वाजला.

"बसली काय?" ज्ञानूनं विचारलं. आवाज एवढासा.

"बसली की! झकास बसली," शमशुद्दीन म्हणाला.

मग ज्ञानू म्हणाला, "खरं?"

"आता काय लिहून देऊ व्हय?"

फोन ठेवला तर खैरुनबी दारात उभी. हातात कणीक तशीच.

"अवो, ती बसली न्हाय की. मी बघितलंय मगाशी."

"बसवतो मी. घासतो मागनं. भोकं मोठी करतो."

"आन् त्यांनी येऊन हात लावून बघितली तर? त्यांच्या बोटांना कळणार न्हाय व्हय? माणूस जल्मभर खरं माप मोजत आला, आन् तुमी त्याला खोट्या मापावर जगवणार?"

शमशुद्दीन चिडला, कारण ती बरोबर बोलत होती. माणूस आपल्या चुकीवर चिडत नाही, ती दाखवणाऱ्यावर चिडतो. "तुला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून तो गच्चीवर गेला आणि कबुतरांशी भांडला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजेला तो गेला, पण ज्ञानूसाठी दुवा मागताना जीभ अडली. ज्याच्याशी काल खोटं बोललो त्याच्यासाठी आज कुठल्या तोंडानं मागायचं? घरी येऊन त्यानं पॉलिश पेपर भिजवला, बॉडी मांडीवर घेतली आणि मागची बाजू घासायला हात उचलला.

पण पेंटरचा एक नियम असतो. किती काढायचं ते आधी मोजायचं, कारण काढलेलं परत लावता येत नाही. त्यानं पट्टी आणली. ज्ञानूनं पुडक्यात परत धाडलेल्या मापांच्या कागदावर लांबी चारशे मिलिमीटर. बॉडी भरली चारशे पाच. वा रे, म्हणाला. रुंदी दीडशे हवी, भरली एकशे बावन्न. पुढच्या-मागच्या भोकांतलं अंतर तीनशे हवं, भरलं तीनशे चारला जरासं कमी.

त्यानं पुन्हा मोजलं. मग नाकाची उंची, मग दारांची रुंदी, मग मागच्या बाकाची खाच. सगळं जास्त. आणि सगळं सारखंच जास्त. शंभरामागं एक आणि वर थोडं. कुठं कमी नाही, कुठं अधिक नाही.

थरथरत्या हाताची चूक अशी नसते. थरथरता हात इकडं दोन खातो, तिकडं चार सोडतो. शमशुद्दीननं कागदाच्या कोपऱ्यावर गुणाकार केला. त्याचं गणित सातवीत सुटलेलं, तेव्हा तो तीनदा केला. मीटरमागं तेरा.

त्यानं पॉलिश पेपर बादलीत टाकला. "खैरून, माझी चप्पल कुठं हाय?" असं तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

ज्ञानू घरी एकटाच होता. पेटी बैठकीच्या खोलीत आणून ठेवलेली, पुसून लख्ख केलेली. मुलगी सासरी धाडताना करावी तशी.

"गाडी बसली म्हणालास न्हवं?" शमशुद्दीनच्या काखेतलं पुडकं बघून तो म्हणाला. "मग परत का आणलीस?"

"खोटं बोललो. बसली न्हाय."

ज्ञानू खुर्चीत मागं टेकला आणि उजवा हात डाव्या हातात घेऊन बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलंतंच. तुझं 'झकास' जरा लवकर आलं. ऱ्हाऊ दे. ने म्हणावं आदर्शला पेटी. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"पेटीचं मागनं बघू. तुझी पट्टी कुठं हाय?"

"कसली पट्टी?"

"ही गाडी ज्या पट्टीनं केलीस ती."

"खालच्या खणात. का?"

शमशुद्दीन कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसला आणि त्यानं पेटीचा खालचा खण ओढला. "आरं थांब, मी काढतो," असं ज्ञानू घाईनं म्हणाला, पण उठेउठेपर्यंत खण उघडला होता. वर पितळी कडांची जुनी पट्टी होती. तिच्याखाली पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राचं एक पुडकं होतं, आणि फाटलेल्या कागदातून लाल रंग दिसत होता.

शमशुद्दीननं पुडकं बाहेर काढलं. लाल गाडी. दोन्ही अंगांना ज्वाळा, जरा घाबरत काढलेल्या. मागच्या बाजूला, डावीकडं, रंगाचा एक ओघळ. जगात कुठंही ठेवली असती तरी त्यानं तो ओघळ ओळखला असता.

"ही पुण्याला गेलती न्हवं?" त्यानं विचारलं.

ज्ञानू खिडकीबाहेर बघायला लागला.

"ज्ञानू. पुण्याचं गिऱ्हाईक कोण व्हतं?"

"कोण न्हवतं," ज्ञानू शेवटी म्हणाला. "खैरुनवयनी रस्त्यात भेटल्या व्हत्या. रडत व्हत्या. तुला नुसतं 'चल, बाहेर पड' म्हटलं असतं तर तू मला हाकलला असतास. गिऱ्हाईक म्हटलं की पेंटर नको म्हणत न्हाय."

आठ वर्षं. आठ वर्षं शमशुद्दीन पुण्याच्या त्या न पाहिलेल्या माणसालाही दुवा देत आला होता. त्याला हसू आलं आणि डोळे भरून आले, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं त्याला जोराचा खोकला लागला. ज्ञानूनं तांब्या पुढं केला. उजव्या हातानं. पाणी सांडलं नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

खोकला थांबल्यावर शमशुद्दीननं नवी बॉडी जमिनीवर ठेवली आणि पितळी कडांची पट्टी तिच्यावर आडवी धरली. "वाच."

ज्ञानू वाकला. "चारशे."

"हे?"

"दीडशे."

"भोकांतलं?"

"तीनशे. बरोबर हाय की सगळं! मग बसंना का?" आणि बोलता बोलता त्याची नजर पट्टीच्या टोकाशी गेली. तिथं बारीक अक्षरांत धातूचं नाव कोरलेलं होतं. चाळीस वर्षांच्या वापरानं ते अर्धं पुसलं होतं. ज्ञानूचं तोंड उघडं राहिलं. "आयला शमशू. ही तर ओतकामाची पट्टी!"

"मग! आतापतूर गाड्यांना साधी पट्टी घ्यायचास. झटक्यानंतर पयल्यांदा पेटी उघडलीस आन् हात गेला जुन्या पट्टीकडं. हाताला वाटलं, चला, कामावर आलो. एक मिलिमीटरबी चुकलेला न्हाय तुझा हात. पट्टी खोटं बोलली, तू न्हाय."

ज्ञानूनं बॉडी उचलली, डोळ्यांजवळ नेली, आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग तो हसायला लागला. पोट धरून, डोळे पुसत.

"आरं, उतारबी दिलाय मी! वाळूतनं सुखानं निघावी म्हणून कडंला जो उतार देत्यात न्हवं, त्योबी दिलाय. शमशू, ही गाडी न्हाय. ह्यो पॅटर्न हाय!"

मग दोघांच्याही एकदमच डोक्यात आलं. पॅटर्न आहे तर ओतायचा.

ओळखीच्या फाउंड्रीत तिसऱ्या दिवशी काम झालं. साचे भरणाऱ्यांनी आधी चेष्टा केली, ज्ञानूआण्णा, ह्यो कुठला पंप म्हणायचा? पण लाकडी गाडी वाळूतून अशी अलगद सुटली, की कडेचा कणही ढळला नाही, आणि ते गप्प झाले. अ‍ॅल्युमिनियम ओतलं. निवलं. वाळू झटकून शमशुद्दीननं स्टीलची पट्टी लावली, साधी, खरं बोलणारी. चारशे. त्यानं वर बघून "शुक्र अल्लाचा" म्हटलं, आणि ज्ञानूनं शेजारी उभं राहून, नकळत, "व्हय बाबा, शुक्र" म्हटलं.

रंग द्यायला आठ दिवस लागले. शमशुद्दीननं असा रंग आयुष्यात दिला नव्हता. लाकडाला आधी चंदेरी रंगाचा थर द्यावा लागतो, तेव्हा कुठं वरचा पारदर्शक लाल झळकतो. इथं धातूच चांदीसारखा होता. त्यानं तो घासून आरसा केला, वर नुसतं पातळ, पारदर्शक अस्तर दिलं आणि मग लाल, फुंकर मारावी तसा एकेक थर. गच्चीवर उन्हात धरली की गाडीच्या आत निखारा पेटल्यासारखा वाटायचा. ज्वाळा त्यानं शेवटी काढल्या. या खेपेला न घाबरता.

निशिगंधा आली तेव्हा दोघांनी बॉडी चासीवर ठेवली. चारही भोकं जुळली. तीन स्क्रू शमशुद्दीननं लावले आणि चौथा ज्ञानूपुढं धरला. ज्ञानूनं तो उजव्या हातानं घेतला, भोकावर टेकवला आणि सावकाश फिरवत नेला. निशिगंधा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बॉडी लाकडाची म्हणाला होता. धातूची कशी काय सुचली?"

"चुकलो," ज्ञानू म्हणाला. एवढ्या मानानं चूक कबूल करणारा माणूस शमशुद्दीननं दुसरा पाहिला नव्हता.

ती गेल्यावर खैरुनबीनं चहा आणला. गच्चीच्या कठड्यावर ती ओघळाची लाल गाडी होती. शमशुद्दीननं ज्ञानूच्या घरून मागून आणली होती, नीट करून देतो म्हणून.

"त्या ओघळाला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवतो," ज्ञानू म्हणाला. "हाय तशी परत पायजे मला."

शमशुद्दीननं बशीत चहा ओतला, प्यायला नाही. "ज्ञानू, एक बोलू? त्या दिवशी तू आला नसतास तर मी त्या खिडकीतच मेलो असतो. तुझे लई उपकार हायेत माझ्यावर. रोज देवाला सांगतो, तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलतं."

ज्ञानूनं त्याच्याकडं बघितलं. "बरं वाटंना काय तुला?" असं तो म्हणायला गेला असावा, कारण ओठ तसे हलले. पण त्यानं नुसता उजवा हात पुढं केला आणि शमशुद्दीनच्या गुडघ्यावर ठेवला. हात जड होता, गरम होता, आणि थरथरत नव्हता.

तेवढ्यात ज्ञानूचा फोन वाजला. आदर्श होता. रविवारी यायचं राहून गेलं, पेटी न्यायला उद्या येऊ का, असं विचारत होता.

ज्ञानूनं घसा साफ केला.

"येऊ नगंस," तो म्हणाला. "पेटी कामात हाय."